न दिसणारं पाणी

पिठाची मर्यादा आपल्या घरांत बायकांना तोंडपाठ असते. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. कार्तिकातल्या अष्टाह्निकेपासून फाल्गुनातल्या अष्टाह्निकेपर्यंत हिवाळा, तिथून आषाढापर्यंत उन्हाळा आणि आषाढापासून पुन्हा कार्तिकापर्यंत पावसाळा. चौका लावायचा असेल, घरात कुणी व्रती असतील, तर दळण कधी आणलं याचा हिशेब बाईच्या डोक्यात पक्का असतो. डबा तोच, पीठ तेच, गिरणीही तीच. मग पावसाळ्यात चार दिवस कमी का? उत्तर सोपं वाटतं. हवा ओली असते. पीठ ती ओल ओढून घेतं, त्यात जाळी धरते, कीड होते, बुरशी येते. जिथं जीवोत्पत्ती, तिथं मर्यादा संपली.

पण ‘हवा ओली असते’ म्हणजे नक्की काय असतं? पाऊस पडत नसतो, खिडक्या लावलेल्या असतात, डब्यावर झाकण असतं. तरी मीठ पाझरतं, पापड सादळतात, दार चौकटीत अडकतं. म्हणजे पाणी कुठून तरी आत आलेलं असतं आणि येताना दिसलेलं नसतं. या न दिसणाऱ्या पाण्याचा, म्हणजे बाष्पाचा, शोध माणसानं कसा लावला याचा इतिहास मोठा मजेचा आहे. त्यात बायकांचा वाटा आहे, आणि तो बराच काळ कुणाला दिसला नाही. त्या दोन्ही न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल हा लेख.

आधी एक गोष्ट साफ करू. चहाच्या किटलीतून पांढरं निघतं त्याला आपण वाफ म्हणतो. खरं तर ते पाण्याचे बारीक थेंब असतात. नीट बघितलं तर किटलीच्या तोटीला लागून बोटभर जागा अगदी मोकळी दिसते, तिथं काहीच नाही असं वाटतं. खरी वाफ तिथं असते. ती हवेसारखीच पारदर्शक. पुढं जाऊन गार झाली की तिचे थेंब होतात आणि मग ती डोळ्याला दिसते. ढग, धुकं, दव ही सगळी बाष्पाची दिसायला लागलेली रूपं.

आपल्या ग्रंथांत अप्कायाचे प्रकार सांगताना दव, हिम, धुकं, गारा यांची नावं येतात. धुक्यालाही पाण्यात मोजणारी ती नजर बारीक होती, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून ‘आमच्याकडं हे सगळं आधीच लिहून ठेवलंय’ असं म्हणायची घाई मला पटत नाही. शास्त्राचा प्रश्न होता, या पाण्यातल्या जीवाला आपल्याकडून इजा कशी होणार नाही. ते पाणी हवेत किती आहे आणि तिथं राहून काय करतं, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर प्रयोगातूनच यायला हवं होतं. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालायची गरज नाही.

केसानं मोजलेली हवा

हवेतली ओल मोजायचं पहिलं चांगलं साधन कशाचं होतं माहीत आहे? माणसाच्या केसाचं. जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या निसर्गअभ्यासकानं 1783 साली आपला ग्रंथ छापून त्याचं वर्णन दिलं. केस ओल्या हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून बाष्पानं भरलेल्या हवेपर्यंत हा फरक शंभराला दोन-अडीच एवढाच, पण ताणलेल्या केसाला काटा जोडला तर तो फिरताना स्पष्ट दिसतो. केसाला तेल असलं की तो नीट काम करत नाही, म्हणून सोस्यूर तो सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यायचा. आपणही शिकेकाईनं तेच करत आलो, हेतू वेगळा एवढंच. पावसाळ्यात वेणी नीट बसत नाही ही कुठल्याही आजीची तक्रार होती. सोस्यूरनं त्या तक्रारीला काटा आणि आकडे जोडले. पुढं दीडशे-दोनशे वर्षं जगभरच्या वेधशाळांत केसाची ही यंत्रं चालत राहिली.

किती बाष्प हवेत मावतं हे हवेच्या उष्णतेवर ठरतं. 30 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा 20 अंशांवर आली तर 17 ग्रॅमच मावतं, उरलेलं थेंब होऊन बाहेर पडतं. रात्री गवतावर दव पडतं ते यामुळंच. गोव्याकडून चोर्ला घाट चढताना ढगात शिरावं लागतं तेही यामुळंच. समुद्रावरची भरलेली हवा घाट चढते, वर जाता जाता गार होते आणि ओझं टाकत जाते. म्हणून आंबोलीला, खानापूरच्या जंगलात धो धो कोसळतं आणि त्याच बेळगाव जिल्ह्यातलं अथणी पावसाची वाट बघत बसतं. अथणीला पोचेपर्यंत हवेच्या पिशवीत फारसं उरलेलंच नसतं.

दोन नळ्या, चार तापमापक

इथवर बाष्प म्हणजे पाऊस, एवढंच लोकांना ठाऊक होतं. बाष्प उष्णताही धरून ठेवतं, हे पहिल्यांदा प्रयोगानं छापील दाखवलं ते एका बाईनं. तिचं नाव युनिस न्यूटन फूट.

युनिसचा जन्म अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये 1819 साली झाला. ती वाढली न्यूयॉर्क राज्यात, आणि ट्रॉय गावच्या मुलींच्या विद्यालयात शिकली. मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या शाळा तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. तिचा नवरा एलायशा फूट वकील होता, त्यालाही प्रयोगांची आवड. 1848 च्या जुलैत सेनेका फॉल्स इथं बायकांच्या हक्कांची पहिली मोठी सभा भरली. मतदानाचा हक्क, संपत्तीचा हक्क, शिक्षणाचा हक्क मागणाऱ्या तिथल्या जाहीरनाम्यावर 68 बायका आणि 32 पुरुषांनी सह्या केल्या. त्यात युनिस होती, आणि एलायशाही होता.

तिच्या प्रयोगाची मांडणी ऐकली तर वाटेल, हे आपल्या माडीवरही करता येईल. चार इंच रुंद आणि तीस इंच लांब अशा काचेच्या दोन नळ्या. प्रत्येकीत दोन तापमापक. हवा काढून घ्यायला किंवा भरायला एक पंप. दोन्ही नळ्या आधी सावलीत ठेवून सारख्या तापमानावर आणायच्या, मग उन्हात ठेवायच्या आणि दर थोड्या वेळानं पारा किती चढला ते लिहायचं. एका नळीतली हवा विरळ केली, दुसरीतली दाट. दाट हवा जास्त तापली. मग एका नळीतली हवा कॅल्शियम क्लोराइडनं कोरडी करून घेतली आणि दुसरीतली बाष्पानं भरून टाकली. ओल्या हवेची नळी जास्त तापली. शेवटी वेगवेगळे वायू भरून बघितले. साध्या हवेत पारा 106 अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, कार्बन डायऑक्साइडमध्ये 125 पर्यंत. शिवाय ती नळी उन्हातून काढल्यावर गार व्हायला कितीतरी पट जास्त वेळ लागला.

आता खरी गंमत पुढं आहे. एवढं करून बाई थांबली नाही. तिनं त्या नळीवरून पृथ्वीकडं बघितलं. पूर्वी कधी हवेत हा वायू आजच्यापेक्षा जास्त असेल, तर पृथ्वी आजच्यापेक्षा उष्ण असलीच पाहिजे, असा निष्कर्ष तिनं मांडला. साल होतं 1856. आपल्याकडं अजून सत्तावन्नचा उठाव व्हायचा होता.

त्या वर्षी 23 ऑगस्टला ऑल्बनी इथं अमेरिकन विज्ञान परिषदेच्या बैठकीत तिचा निबंध वाचला गेला. तो तिनं वाचला नाही, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख जोसेफ हेन्री यांनी वाचला. विज्ञानाला देश नसतो आणि स्त्री-पुरुष हा भेदही नसतो, अशा अर्थाचे चार शब्द त्यांनी सुरुवातीला कौतुकानं सांगितले. पण परिषदेच्या वार्षिक इतिवृत्तात तो निबंध आलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो एका विज्ञानपत्रिकेत छापून आला, जेमतेम दोन पानं. त्याच अंकात नवऱ्याचाही लेख होता. पुढच्या वर्षी तिचा आणखी एक निबंध छापला गेला. 1860 साली बुटांचे तळवे चालताना करकरू नयेत म्हणून तिनं रबराचं भरण शोधलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. 1888 मध्ये ती वारली. त्यानंतर हवामानाच्या इतिहासातून तिचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. रेमंड सोरेनसन नावाच्या निवृत्त भूगर्भतज्ज्ञाला जुन्या वार्षिकात तिच्या निबंधाचा गोषवारा सापडला आणि त्यानं 2011 साली त्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला युनिस फूट पुन्हा कळली.

सैंधवाच्या खिडक्या

तोवर शंभर-सव्वाशे वर्षं सगळं श्रेय जॉन टिंडल यांच्या नावावर होतं. टिंडल यांचं काम खरोखर मोठं आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1859 पासून त्यांनी प्रयोग केले. पितळेची एक लांब नळी, एका टोकाला उष्णतेचं साधन, दुसऱ्या टोकाला उष्णतेचा अगदी सूक्ष्म फरकही दाखवणारं विजेचं उपकरण. नळीची दोन्ही तोंडं बंद करायची होती, पण काच चालत नव्हती, कारण तापलेल्या वस्तूतून निघणारे अदृश्य उष्ण किरण काच अडवते. ते किरण आरपार जाऊ देणारी वस्तू त्यांना मिळाली ती म्हणजे सैंधव मीठ. सैंधवाचे स्वच्छ तुकडे घासून त्याच्या खिडक्या केल्या.

फूटबाईंच्या प्रयोगात आणि यात फरक काय? बाईंनी सूर्याचं ऊन काचेच्या नळीवर पाडलं. त्यात येणारा प्रकाश आणि परत जाणारी उष्णता वेगळी काढता येत नव्हती. टिंडल यांनी उकळत्या पाण्यानं तापवलेल्या भांड्यातून निघणारी अंधारी उष्णता तेवढी घेतली. जमीन दिवसभर तापून रात्री जी उष्णता आकाशाकडं सोडते, ती याच जातीची. त्यांना दिसलं, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन, ज्यांची जवळजवळ सगळी हवा बनलेली आहे, ते या उष्णतेला अडवत नाहीत. अडवतं ते बाष्प, आणि त्याच्या मागून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू. हवेत बाष्प असतं तरी किती? दमट प्रदेशातही फार तर शंभराला चार भाग. पण पृथ्वीच्या अंगावरचं पांघरूण मुख्यतः तेवढ्याचंच.

बर्लिनच्या हाइनरिक माग्नुस यांना हे पटेना. त्यांचा आक्षेप आपल्या स्वयंपाकघरातला आहे. मीठ हवेतली ओल ओढतं, तुमच्या सैंधवाच्या खिडक्यांवर पाणी धरलं असेल आणि त्यानंच उष्णता अडवली असेल, बाष्पानं नाही! मीठ पाझरतं हे ज्या बाईला माहीत आहे तिला हा आक्षेप लगेच कळेल. टिंडल यांनी खिडक्या काढून टाकल्या आणि उघड्या नळीत प्रयोग परत केले. उत्तर तेच आलं. वाद पुष्कळ वर्षं चालला, पण शेवटी बाष्पाचं पांघरूण सिद्ध झालं.

हे पांघरूण विरळ असलं की काय होतं, ते आपल्या मारवाडी मैत्रिणींना विचारा. बिकानेर-जैसलमेरला दिवसा अंग भाजतं आणि हिवाळ्याच्या रात्री हाडं गोठतात. हवेत बाष्प कमी, आकाश निरभ्र, दिवसभराची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. मुंबईला किंवा पणजीला तसं होत नाही, तिथली रात्र दमट गोधडी पांघरून झोपते. सगळी पृथ्वी मिळून बघितली, तर बाष्प आणि दुसरे वायू उष्णता धरतात म्हणून सरासरी तापमान साधारण 15 अंश आहे. ते नसते तर ते शून्याच्या खाली 18 असतं.

वाफेचा चटका

बाष्पाचं दुसरं काम म्हणजे उष्णता वाहून नेणं. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो हा अनुभव प्रत्येकीला आहे. एक ग्रॅम पाणी शून्यावरून शंभर अंशांवर न्यायला 100 कॅलरी लागतात. पण शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540 लागतात. ही उष्णता वाफेत लपून बसते आणि वाफेचं पाणी झालं की बाहेर पडते, मग ते आपल्या हातावर होवो की आकाशात होवो. समुद्रावर ऊन जी उष्णता देतं ती बाष्प उचलतं आणि हजारो मैलांवर ढगात नेऊन सोडतं. वादळांची ताकद तिथून येते.

हे काम उष्ण कटिबंधातले उंच ढग कसं करतात, हे जोआन सिम्पसन यांनी हर्बर्ट रील यांच्याबरोबर 1958 मध्ये मांडलं. सिम्पसन 1949 साली शिकागो विद्यापीठात हवामानशास्त्राच्या डॉक्टर झाल्या. अमेरिकेत हा मान मिळवणारी ती पहिली बाई. बाईनं या विषयात पडू नये, असं त्यांना शिकवणाऱ्यांकडूनच ऐकावं लागलं होतं. त्यांनी विमानात बसून ढगांत शिरून मोजमापं केली.

आपल्या देशातलं नाव अन्ना मणी. 1918 साली त्रावणकोरातल्या पीरमेडला जन्म. आठव्या वाढदिवसाला घरातल्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या, तर मुलीनं त्याऐवजी विश्वकोशाचे खंड मागितले, असं सांगतात. पुढं बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिनं हिऱ्यांवरच संशोधन केलं, म्हणजे हिरे आलेच, पण कानात घालायला नाही. प्रबंध पुरा झाला, पण एम.एस्सी. नव्हती म्हणून विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. मग लंडनला जाऊन त्यांनी हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला आणि 1948 साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या.

तेव्हा साधी उपकरणंही विलायतेहून यायची. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथं बनवायला सुरुवात केली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा खाक्या. फुग्याला बांधून वर सोडायच्या उपकरणांवरही त्यांनी काम केलं. तापमान, दाब आणि बाष्प यांचे आकडे वरूनच कळवणारे असे फुगे वेधशाळांतून रोज आकाशात जातात. जैन घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून त्यांनी थुंब्याच्या अग्निबाण केंद्रावर हवामानाची वेधशाळा उभी केली. 1976 मध्ये उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या.

मर्यादा कशावर मोजायची?

आता आजचं बघू. बाष्प जर सगळ्यात मोठं पांघरूण, तर कार्बन डायऑक्साइडच्या नावानं एवढी ओरड कशाला, असं कुणी विचारतं. कारण असं, की बाष्प हवेत टिकून राहत नाही. चढलेला थेंब सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. आपण जाळलेल्या कोळशानं, पेट्रोलनं हवा थोडी तापते. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, एका अंशाला साधारण शंभराला सात. ते जादा बाष्प पुन्हा उष्णता धरतं आणि तापणं वाढवतं. स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हा हिशेब हातानं मांडला, जपानी-अमेरिकी स्युकुरो मनाबे यांनी 1967 मध्ये संगणकावर. मनाबेंना 2021 चं नोबेल मिळालं. व्याज मुद्दलात मिळून वाढत जातं, तसं हे. मुद्दल आपण टाकलेलं, व्याज बाष्पाचं.

जादा भरलेली हवा रिकामी होते तेव्हाही जास्त देते. एकेका पुराचं कारण एकच नसतं, हे खरं. तरी 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेनं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडची गावं बुडवली, तेव्हा बाष्प काय करू शकतं ते आपल्या उंबऱ्यापर्यंत आलं.

आणि इथं पिठाच्या डब्याचा प्रश्न परत येतो. सात, पाच, तीन हे आकडे ज्यांनी ठरवले त्यांनी ऋतूंचा भरवसा धरला होता. कार्तिकी अष्टाह्निका झाली की हवा कोरडी होणार, मग पीठ सात दिवस राहणार. दिवाळी उलटून गेल्यावरही भरून पाऊस पडलेली वर्षं आपण पाहिली आहेत. मग त्या आठवड्यात मर्यादा पंचांगावरून धरायची की हवेवरून? शास्त्राचा हेतू जीव जपायचा, तर पापड सादळतोय तोवर पीठ तीनच दिवसांचं धरावं, असं मला वाटतं. नियम त्यानं मोडत नाही, उलट कडक होतो. महाराजांना, आर्यिका माताजींना हे विचारावं आणि चर्चा व्हावी.

पण चर्चेत आपण बायकांनी आकडे घेऊन बसावं. ओल मोजायचं छोटं यंत्र आता भिंतीवरच्या घड्याळाएवढं मिळतं. भांडारघरात एक टांगावं आणि कॅलेंडरच्या चौकटीत दळणाच्या तारखेशेजारी रोजचा आकडा लिहावा, वर्षभर. पीठ कधी खराब झालं तेही लिहावं. आणि खाली स्वतःचं नाव घालावं. युनिस फूटचं काम सापडलं ते छापलेल्या कागदावर तिचं नाव होतं म्हणून. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या हवेची ओल बोटांनी ओळखली, डब्यातलं पीठ चिमटीत धरून मर्यादा पाळली. त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या कागदावर नाही.